तंबोरा ऐकू येईल असं यंत्र

पत्र आलंय चिपळूणहून, एका वडिलांचं. थोडं आखडून देते:

‘ताई, माझी लेक तेरा वर्षांची आहे. सहा वर्षं इथल्या एका बाईंकडे शास्त्रीय गाणं शिकते, यंदा मध्यमा प्रथमच्या परीक्षेला बसेल. बाई म्हणतात, शिकवणी रेकॉर्ड कर, घरी ऐक आणि स्वतःचा रियाजही रेकॉर्ड करून ऐक. आम्ही मोबाइलवर करून पाहिलं. त्यात तंबोरा मधूनच गायब होतो, मधूनच मोठा होतो, आणि तार षड्जावर आवाज फाटतो. दुकानदारानं कॉलर माइक घ्या म्हणून सांगितलं. तिचा मामा दिवाळीत अमेरिकेहून येतोय, तो म्हणतो नाव सांगा, घेऊन येतो. पंधरा हजारांपर्यंत खर्च करू शकतो. आम्हा दोघांनाही गाण्यातलं आणि यंत्रातलं काही कळत नाही. घरात कॉम्प्युटर आहे, पण जुना. आणखी एक. स्वतःचं रेकॉर्डिंग पहिल्यांदा ऐकल्यावर ती रडली. म्हणाली, माझा आवाज इतका वाईट आहे का? त्यानंतर आठवडाभर गायलीच नाही. मग हे यंत्र घ्यावं की घेऊ नये?’

दादा, शेवटच्या प्रश्नाकडे मी शेवटीच येते, पण मनात तोच धरून बाकीचं लिहितेय. तुम्हाला गाण्यातलं कळत नाही म्हणता, आणि तंबोरा गायब होतो हे मात्र बरोबर टिपलंत. निवड करायला एवढा कान पुरतो.

आधी मोबाइलचं. त्याचा माइक तसा वाईट नसतो. पण तो बनवलेला असतो माणसाचं बोलणं रस्त्याच्या गोंगाटातून उचलून पलीकडे पोचवायला. त्यासाठी आत दोन कामं आपोआप चाललेली असतात. एक म्हणजे आवाज हळू झाला की यंत्र तो वर ओढतं आणि मोठा झाला की खाली दाबतं. दुसरं, जो आवाज एकसारखा चालू आहे तो गोंगाट समजून पुसायला बघतं. पंख्याची घरघर पुसली गेली तर बोलण्याचं भलंच होतं. पण आपल्या गाण्यात एकसारखं चालू काय असतं? तंबोरा! यंत्राच्या लेखी तंबोरा आणि पंखा एकाच जातीचे. म्हणून लेक गात असते तेव्हा तो दबतो, ती श्वासाला थांबली की उसळून वर येतो. ज्या सुराला धरून तिनं स्वतःला तपासायचं, तोच सूर हलता झाला तर ऐकायचं काय? माझ्या मते गाणाऱ्या मुलीसाठी रेकॉर्डर निवडताना पहिली आणि जवळजवळ एकुलती एक अट हीच: यंत्रानं आवाजात स्वतःचं काही करू नये. दोन कानांनी खोलीत जे ऐकलं असतं ते तसंच ठेवावं. आवाज ‘गोड’ करणारं, घुमवणारं, एको देणारं काहीही आणू नका. एकोमध्ये कच्चा सूरही बरा वाटतो, आणि तेरा वर्षांच्या मुलीला त्याची सवय लागली तर ती सोडवायला बाईंना वर्ष जाईल.

पैसे खर्च करण्याआधी एक चाचणी करा, फुकटची. प्ले स्टोअरवर डब्ल्यूएव्ही प्रकारची, म्हणजे आवाज न दाबता ठेवणारी, फाइल करणारी रेकॉर्डिंगची ॲप्स मिळतात. त्यांच्या सेटिंगमध्ये ‘ऑटो गेन’ आणि ‘नॉइज सप्रेशन’ (वर सांगितलेली तीच दोन कामं) असे पर्याय असतील तर ते दोन्ही बंद करा. फोन विमान मोडवर टाका. अर्धा मिनिट नुसता तंबोरा, मग दोन मिनिटं आलाप, त्यात एक तार षड्ज (वरचा सा), मग पुन्हा अर्धा मिनिट नुसता तंबोरा. हे हेडफोननं ऐका. सुरुवातीचा तंबोरा, आलापाखालचा तंबोरा आणि शेवटचा तंबोरा सारखाच ऐकू आला, आणि वरचा सा फाटला नाही, तर मामांना म्हणावं यंत्र नको, नातीगोती घेऊन ये. काही फोनवर हे जमतं. बरेच फोन मात्र ॲपला न जुमानता आतून आपलं काम करतच राहतात, आणि तुमचाही तसला असेल तर पुढचं वाचा.

कॉलर माइक नको. दुकानदाराची चूक नाही, आजकाल त्याच्याकडे येणाऱ्या दहातल्या नऊ जणांना बोलण्याचे व्हिडिओ करायचे असतात आणि त्याला कॉलर माइक उत्तम. पण तो हनुवटीखाली चिकटलेला असतो. त्याला गळा ऐकू येतो, कपड्यांची सळसळ ऐकू येते, तंबोरा दूर कुठेतरी राहतो. गाणं गळ्याजवळ तयार होत असलं तरी आपण ते समोर बसून ऐकतो. बाईही समोर बसूनच ऐकतात.

तसाच ‘व्हॉइस रेकॉर्डर’ म्हणून मिळणारा, पेनासारखा बारीक, मीटिंग आणि व्याख्यानं टिपणारा प्रकार. तोही बोलण्यासाठीच असतो. तुम्हाला हवा तो ‘हँडी रेकॉर्डर’ किंवा ‘फील्ड रेकॉर्डर’ या नावानं मिळतो: मुठीत मावणारा, डोक्यावर दोन माइक उघडे दिसणारा. यात झूम आणि टास्कॅम या दोन जपानी कंपन्यांची नावं तुम्हाला सगळीकडे दिसतील. दोन्हींचे सर्वांत लहान रेकॉर्डर तुमच्या रकमेत बसावेत. भाव सतत हलतो म्हणून आकडा लिहीत नाही.

झूमचा एच१ इसेन्शियल हा २०२४ साली आला. याची खासियत म्हणजे ३२ बिट फ्लोट. सोप्या शब्दांत सांगते. एरवी रेकॉर्डिंगला बसण्यापूर्वी आवाजाची पातळी हातानं ठरवावी लागते. जास्त ठेवली तर तार षड्जावर फाटतं, आणि एकदा फाटलेलं पुन्हा शिवता येत नाही. ३२ बिट फ्लोटमध्ये फाइलच इतकी ऐसपैस असते की खर्जातली कुजबुज आणि तार सप्तकातली हाक दोन्ही तिच्यात मावतात, आणि पातळी नंतर वर-खाली करता येते. म्हणून या यंत्रावर पातळीची कळच ठेवलेली नाही. बटण दाबा, गा. तुम्हा दोघांना यंत्रातलं कळत नाही म्हणालात, त्यांच्यासाठी हे मोठं सुख आहे. पण एक अडचण आधीच सांगून ठेवते. हे यंत्र एमपी-३, म्हणजे दाबून लहान केलेली फाइल, करतच नाही, फक्त ३२ बिट फ्लोटची डब्ल्यूएव्ही करतं. अशी फाइल काही मोबाइल आणि जुने प्लेअर वाजवत नाहीत. बाईंना पाठवायची तर कॉम्प्युटरवर घेऊन आधी बदलावी लागते. त्यासाठी ऑडॅसिटी नावाचं फुकट सॉफ्टवेअर आहे, जुन्या कॉम्प्युटरवरही बहुधा चालेल. दोनदा करून पाहिलं की लेकीच्या हाताला बसेल.

दुसरा टास्कॅमचा डीआर-०५एक्स. यात पातळी हातानं लावायची, आणि डब्ल्यूएव्ही आणि एमपी-३ दोन्ही होतात. याचे माइक चहूबाजूंनी ऐकणारे आहेत. याचाच भाऊ डीआर-०७एक्स, त्याचे माइक समोरचं जास्त ऐकतात आणि वळवताही येतात. आता तुमच्या घराचा विचार करा. शांत, सामानानं भरलेली खोली असेल तर चहूबाजूंनी ऐकणारा माइक फार सुरेख असतो, तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा तो झणकार, त्यात खुलते. पण बाजूला स्वयंपाकघर, वर पत्र्याचं छप्पर आणि चिपळूणचा पाऊस असेल तर समोरचं जास्त ऐकणारा बरा. टास्कॅमवर एक गोष्ट घात करते, ती ध्यानात असू दे: रेकॉर्डचं बटण पहिल्यांदा दाबलं की लाल दिवा नुसता लुकलुकतो, यंत्र तयारीत उभं राहतं. दुसऱ्यांदा दाबलं की दिवा स्थिर होतो आणि मुद्रण खरं सुरू होतं. मी स्वतः एकदा माझ्या बाईंची पाऊण तासाची तालीम या लुकलुकत्या दिव्यासमोर बसून घेतली आणि घरी आल्यावर यंत्रात काही नव्हतं. त्या दिवशी त्यांनी मारवा रागातला कोमल रिषभ कसा लावायचा ते सांगितलं होतं. ते पुन्हा विचारायची माझी हिंमत झाली नाही. तेव्हा लेकीला पहिल्या दिवशीच शिकवा: दिवा स्थिर, आणि पडद्यावरचे सेकंद पळताना डोळ्यांनी पाहायचे.

माझी निवड विचाराल तर तुमच्या घरासाठी एच१ इसेन्शियल. तेरा वर्षांच्या मुलीनं रियाजाला बसताना पातळीचे काटे बघत बसू नये, तिचं सगळं लक्ष षड्जावर असावं, म्हणून. फाइल बदलायचा त्रास नंतरचा आहे, गाण्याच्या वेळचा नाही. कॉम्प्युटर चालतच नसेल तर मात्र टास्कॅम घ्या आणि एमपी-३वर समाधान माना.

याहून महाग यंत्रं पाहू नका. मोठे माइक जोडायची भोकं असलेली, चार-चार वाहिन्या टिपणारी यंत्रं छानच असतात, पण ती मैफल मुद्रित करणाऱ्यांसाठी. घरच्या रियाजात त्यांचा उपयोग नाही. उलट यंत्र जितकं मोठं, तितकं ते रोज कपाटातून बाहेर निघत नाही. भीमसेन जोशींनी लहान वयात अब्दुल करीम खाँसाहेबांची झिंझोटी रागातली ठुमरी ऐकली आणि अकराव्या वर्षी गुरूच्या शोधात घर सोडलं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. ती ऐकली ती ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर, एका बाजूला जेमतेम तीन-साडेतीन मिनिटं, वर सुईची खरखर. तेवढ्यातूनही सूर पोचला. तुम्ही जे छोटं यंत्र घ्याल ते त्याच्या कितीतरी पुढचं असेल.

मामांकडून मागवण्याबद्दल. तिथून आणलेल्या वस्तूला इथे वॉरंटी बहुधा लागू होत नाही. यंत्र लहान आहे, बिघाड झाला तर टपालानं अमेरिकेला पाठवणं परवडत नाही. इथल्या आणि तिथल्या किमतीत फार मोठा फरक नसेल तर इथलंच, पक्क्या बिलावर घ्या. मामांना आणायचंच असेल तर चांगले हेडफोन आणू देत, कान झाकणारे, साधे, वायरचे. ‘बास’ जास्त देणारे नकोत, तंबोऱ्याचा खर्ज फुगून कानात बसतो आणि वरचं काही कळत नाही. यंत्राच्या पोटातल्या छोट्या स्पीकरवर ऐकून गाण्याचा निवाडा कधीच करू नका. आणि हेडफोनचा आवाज अर्ध्याच्या वर जाऊ देऊ नका. तिला आयुष्यभर या कानांवर गायचं आहे.

यंत्राबरोबर आणखी काय लागतं? एक मायक्रो एसडी कार्ड, नावाजलेल्या कंपनीचं, ३२ जीबी. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट या रेकॉर्डिंगच्या नेहमीच्या मापावर तासाला साधारण १ जीबी जागा लागते, म्हणजे कार्डात तीसेक तास मावतात. ३२ बिट फ्लोटला त्याहून तिसरा हिस्सा जास्त जागा जाते, तरी वीस-बावीस तास येतात. ९६ किलोहर्ट्झ वगैरे पर्याय दिसतील, त्यांच्या वाटेला जाऊ नका, जागा दुप्पट जाते आणि कानाला काही मिळत नाही. एक टीचभर उंचीचा ट्रायपॉड घ्या, कारण यंत्र सतरंजीवर ठेवलं तर ठेक्याबरोबर हलणाऱ्या मांडीचे ठोके त्यात येतात. ट्रायपॉड नसेल तोवर घडी केलेला टॉवेल आणि त्यावर यंत्र. माइकवर घालायची स्पंजाची टोपीही घ्या. भारनियमनाच्या घरात सेलवर चालणारं यंत्र सोयीचं, मात्र एच१ इसेन्शियलला बारीक एएए सेल लागतात आणि टास्कॅमला जाड एए, ते बघून रिचार्जेबल सेलच्या दोन जोड्या ठेवा. यंत्राच्या मेनूत सेलचा प्रकार ‘एनआय-एमएच’ असा निवडायचा विसरू नका, नाहीतर भरलेले सेलही संपत आल्यासारखे दिसतात.

आता ठेवायचं कुठे, हे मला यंत्राच्या नावापेक्षा महत्त्वाचं वाटतं आणि इथेच बहुतेक जण चुकतात. यंत्र तोंडाजवळ नेलं की आवाज मोठा येतो म्हणून बरा वाटतो, पण श्वासाचे फुसकारे आणि ‘प’, ‘फ’, ‘भ’ चे धक्के येतात आणि तंबोरा मागे पडतो. लांब नेलं की खोलीचा घुमारा वरचढ होतो. अंतर दुप्पट केलं की तोंडातून थेट येणारा आवाज सुमारे ६ डेसिबलनं उतरतो, घुमारा मात्र जवळजवळ तेवढाच राहतो. दोन ते तीन फूट हे बसून गाणाऱ्या मुलीसाठी चांगलं अंतर आहे, हनुवटीच्या उंचीला, किंचित एका बाजूला. तंबोरा ती स्वतः धरत असेल तर वेगळं काही करावं लागत नाही, गळा आणि तंबोरा एकाच अंतरावर असतात. इलेक्ट्रॉनिक तंबोरा किंवा फोनचा तंबोरा असेल तर तो यंत्राशेजारी ठेवू नका, तिच्या मांडीशेजारी ठेवा. यंत्राजवळचा तंबोरा सगळं गिळतो. तबला असेल तर यंत्र तबल्यापासून दूरच्या बाजूला सरकवा, डग्ग्याची घुमक गळ्याच्या कितीतरी वर जाते.

खोली निवडताना मोकळी फरशी आणि उघड्या भिंती टाळा. कपड्यांचं कपाट उघडं टाकून त्याच्याकडे तोंड करून बसली तरी फरक पडतो. आईच्या साड्या आणि गोधड्या आवाजाचा घुमारा शोषून घेतात, त्याला खर्च शून्य. पंखा बंद. फ्रिज शेजारच्या खोलीत असला तरी ऐकू येतो, हे पहिल्या रेकॉर्डिंगला कळेल. ‘लो कट’ नावाचा पर्याय असतो, तो खालची घरघर छाटतो. लेकीची पट्टी काळी चार असेल, म्हणजे तिचा सा पेटीच्या चौथ्या काळ्या पट्टीवर असेल, तर तिचा मध्य षड्ज सुमारे २०८ हर्ट्झ आणि तंबोऱ्याचा खर्ज १०४च्या आसपास. म्हणून ८० हर्ट्झचा लो कट लावला तर गाण्याचं काही जात नाही, रस्त्यावरच्या ट्रकची गुरगुर तेवढी जाते. (पुढेमागे एखादा काळी एकमध्ये गाणारा मुलगा हे यंत्र वापरायला मागेल तर त्याला म्हणावं लो कट काढून टाक, त्याचा खर्ज ७० हर्ट्झपर्यंत उतरतो.) टास्कॅम घेतलात तर पातळी अशी लावा: तिला तिची सर्वांत वरची, सर्वांत जोरकस जागा गायला सांगा, आणि काटा उणे १२ डेसिबलच्या आसपास थांबेल असं बघा. ‘ऑटो लेव्हल’ बंद. हळू वाटलं तरी चालेल, ऐकताना वाढवता येतं.

बाईंच्या घरी यंत्र नेण्याआधी एक गोष्ट लेकीनं स्वतः करायची आहे, तुम्ही नाही. बाईंनी रेकॉर्ड कर म्हटलं असलं तरी दर वेळी यंत्र समोर, दिसेल असं ठेवायचं आणि ‘बाई, लावू का?’ असं विचारायचं. कधी त्या नको म्हणतील, तेव्हा बंद. आपल्याकडे बंदिश हातात देणं म्हणजे विश्वास टाकणं आहे. जयपूर घराण्याचे अल्लादिया खाँसाहेब १९४६ साली गेले. ध्वनिमुद्रण तोवर चांगलंच रुळलं होतं, तरी त्यांचं गाणं आज ऐकायला मिळत नाही. शिष्यांच्या गळ्यातून आलं तेवढंच आपलं. याचं आपल्याला वाईट वाटतं आणि वाटायलाच हवं, पण आपलं गाणं कुणाच्या हाती जावं हे ठरवण्याचा हक्क गाणाऱ्याचा, हेही तितकंच खरं. शिकवणीची फाइल नातेवाइकांच्या ग्रुपवर एकदाही जाता कामा नये. कौतुकानंसुद्धा नाही.

व्हॉट्सॲपबद्दल एवढंच: व्हॉइस मेसेज म्हणून पाठवलेलं गाणं बोलण्याच्या मापात दाबून जातं. बाईंना रियाज ऐकवायचा तर फाइल ‘डॉक्युमेंट’ म्हणून पाठवा, ती आहे तशी पोचते.

फाइलींची काळजी पहिल्या दिवसापासून घ्या. माझ्याकडे माझ्या गुरूंच्या तालमीच्या सत्तरेक कॅसेटी होत्या, साठ आणि नव्वद मिनिटांच्या, वरची नावं त्यांच्याच अक्षरातली. एका पावसाळ्यात कपाटाखालच्या खोक्यात त्यांना बुरशी धरली. अर्ध्याहून जास्त गेल्या. कोकणातल्या हवेत यंत्रसुद्धा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्या टाकून ठेवा आणि सेल काढून ठेवा. फाइल दर रविवारी कार्डातून कॉम्प्युटरवर आणि तिथून आणखी एका ठिकाणी गेली पाहिजे. नाव देताना आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मग राग. आणि रेकॉर्डिंग सुरू झाल्यावर लेकीनं पहिल्यांदा बोलायचं: आज तारीख अमुक, राग भूप, पट्टी काळी चार. फाइलचं नाव पुसलं गेलं तरी आवाजातली तारीख राहते. तिच्या वयात पट्टी सरकते, मुलींचाही आवाज या काळात थोडा बदलतो, मधेच हवा मिसळल्यासारखा वाटतो. दोन वर्षांनी मागे वळून ऐकताना ती पट्टी कामाला येते.

रोजचा अख्खा रियाज रेकॉर्ड करू नका. कुणी ऐकत नाही, नुसता साठा होतो. दहा मिनिटं पुरे. आणि त्याच दिवशी ऐकू नका. गाऊन उठल्यावर गळ्यात अजून तेच चाललेलं असतं, कान मोकळा नसतो. दुसऱ्या दिवशी ऐकायचं, तेही एका वेळी एकच गोष्ट धरून: आज फक्त षड्जावर परत येताना काय होतं, उद्या फक्त सम. तान ऑडॅसिटीत पट्टी न बदलता निम्म्या लयीत ऐकता येते, कुठला स्वर नुसता शिवून गेला ते तिथे उघडं पडतं. स्क्रीनवर सुराचा काटा दाखवणारी ॲप्स मात्र या कामाला लावू नका. आपले स्वर त्या काट्याच्या घरांत बसत नाहीत. दरबारी रागाचा गंधार काटा चुकीचा ठरवेल आणि पोरगी काट्याचं ऐकेल.

आणि आता रडण्याबद्दल.

ती रडली यात तिचं काही चुकलं नाही, आवाजही वाईट नाही. आपण बोलतो-गातो तेव्हा आपला आवाज आपल्याला दोन वाटांनी पोचतो: हवेतून कानात, आणि कवटीच्या हाडांतून थेट आत. हाडांतून येणारा आवाज खालच्या बाजूला भरदार असतो. यंत्राला हाडांतली वाट नाही, त्याला हवेतलंच मिळतं. म्हणून जगातल्या प्रत्येकाला स्वतःचं पहिलं रेकॉर्डिंग पातळ, कोरडं, परकं वाटतं. त्यात तुम्ही ऐकवलंत ते फोनवरचं, तंबोरा हलता आणि वरचा सा फाटलेला. म्हणजे तिच्या परक्या आवाजावर यंत्राचे दोषही लादले गेले. हे तिला नीट, तिच्या वयाला साजेसं समजावून सांगा. तिनं आठवडाभर न गाणं ही खरी काळजीची गोष्ट होती आणि तुम्ही पत्र लिहिलंत हे बरं केलंत.

यंत्र जरूर घ्या. पण घरात आल्यावर पहिले पंधरा दिवस तिनं स्वतःचं गाणं त्यात घ्यायचं नाही. तिला दुसऱ्यांचे आवाज टिपू द्या. नुसता तंबोरा, अर्धा तास. पत्र्यावरचा पाऊस. तुमचं तिच्या आईशी चाललेलं बोलणं. घरात आजी असतील आणि त्यांना जात्यावरच्या ओव्या येत असतील तर त्या आधी. आजींना त्यांचा आवाज ऐकवला की त्याही म्हणतील, ‘अगं, हा माझा आवाज नव्हे!’ आणि लेक म्हणेल, ‘तुझाच आहे आजी, आम्हाला तू अशीच ऐकू येतेस.’ हे वाक्य तिनं स्वतःच्या तोंडानं दुसऱ्या कुणाला तरी एकदा म्हटलेलं असू दे. मग सोळाव्या दिवशी ट्रायपॉड तिच्यासमोर ठेवा आणि खोलीतून बाहेर या.